मामांची डेन्मार्कातली गढी

कोल्हापूरच्या एका पेठेत राहून डेन्मार्कमधल्या एका गढीशी भाऊबंदकी पाळणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे मी छातीठोकपणे सांगतो. आता मी छातीठोकपणे सांगितलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं ते आमच्या तालमीच्या कट्ट्यावर कुणालाही विचारा. माझी बायको तर माझं बोलणं दहानं भागून ऐकते आणि तरी हाती काही लागत नाही म्हणते. पण मामांच्या बाबतीत भागाकाराची गरज नाही. ते मुळातच इतके आहेत की त्यांचं वर्णन करताना माझ्यासारख्या थापाड्यालाही थोडं कमी करून सांगावं लागतं, नाहीतर लोक उठून जातात.

मामा जमीन मोजणीच्या खात्यात होते. शिरोळपासून गडहिंग्लजपर्यंत असा एक बांध नसेल, की ज्यावर उभं राहून मामांनी दोन सख्ख्या भावांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. नेसरीकडच्या एका गावात मामा साखळी घेऊन एसटीतून उतरले की उंदीरसुद्धा आपापल्या बिळाच्या हद्दीत जाऊन बसत, असं मी सांगतो; मामा म्हणतात, उंदीर न्हवं, घुशी. या नोकरीनं त्यांना एकच तत्त्वज्ञान दिलं. दोन भाऊ आणि एक जमीन असली की तिथे भांडण असतंच, आणि दिसत नसेल तर कुणीतरी नीट मोजलेलं नाही. मोजण्याची सवय अंगात इतकी मुरलेली, की आमच्या लग्नात मांडवाची एक बाजू दुसरीपेक्षा हातभर आखूड आहे हे त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना भटजींना सांगितलं, आणि भटजींनीही मधल्या मध्ये मान वाकडी करून बघून घेतलं. माझ्या संसारात पुढे जे जे तिरकं झालं त्याचं खापर मी त्या मांडवावर फोडतो. बायकोचं मत निराळं आहे.

ज्या माणसानं चार तालुक्यांच्या हद्दी सरळ केल्या, त्याच्या स्वतःच्या घराची हद्द मात्र कायमची वाकडी होऊन बसली. मामांच्या घराला लागूनच त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं घर. ते धाकटे मामा. पुढच्या खोलीत त्यांची पिठाची गिरण आहे. दोन घरांच्या मध्ये एक बोळ. केवढा, तर सायकल जाते, पण सायकलवर बसलेला खरचटतो. वडील वारल्यावर हा बोळ कुणाचा असा प्रश्न निघाला, मामांनी स्वतः फीत लावली आणि बोळ मामांच्या बाजूला निघाला. धाकटे मामा म्हणाले, "फीत तुझी, माप तुझं, डोळंबी तुझंच. मग बोळ माझ्याकडं कसा निघंल?" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, आणि बोळाच्या तोंडाला मामांचं कुलूप. मामी तर तेव्हापासून दळण डोक्यावर घेऊन दोन गल्ल्या ओलांडून जातात, आणि जाताना शेजारच्या गिरणीचा वास आला तरी नाकाला पदर लावतात.

अशात मामांची मुलगी डेन्मार्कात बाळंत व्हायची होती. मामी कामासाठी गेल्या आणि मामा सामानासाठी. ते गाव म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी स्टँडएवढं. दोन दिवसांत मामांचं सगळं मोजून झालं आणि तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या टोकाला त्यांना ती सापडली. वाडा म्हणावा तर भोवती पाण्यानं भरलेला खंदक, किल्ला म्हणावा तर तोफ नाही. लाल विटांची, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या तिकोनी माथ्याची, शे-दीडशे खिडक्यांची जमीनदाराची हवेली. मामांनी तिला गढी म्हटलं आणि विषय मिटवला. फाटकापाशी एक उंच म्हातारा सफरचंदांच्या टोपल्या मांडून बाकावर बसलेला असे. मामांनी त्याला वॉचमन समजून पहिल्याच दिवशी भडंगाची पुडी दिली. म्हाताऱ्यानं बोकणा भरला, डोळ्यांतून पाणी काढलं, खंदकाकडे तोंड करून बराच वेळ खोकला आणि हात परत पुढे केला. तो गढीचा मालक आहे हे मामांना पुढच्या महिन्यात कळलं. तोवर दोघं इतके जवळ आले होते, की मामांनी त्याला मालक असल्याबद्दल माफ करून टाकलं.

मामांचं इंग्रजी रजेच्या अर्जापलीकडे कधी गेलं नव्हतं. पण त्या अर्जाएवढ्या भांडवलावर त्यांनी गढीचा सगळा इतिहास काढून घेतला. एकेक मालक त्यांनी तोंडपाठ केला आणि ती नावं कोल्हापुरी जिभेवर बसेनात म्हणून सगळ्यांचं बारसं नव्यानं केलं. गढी बांधली ती 'थोरल्यांनी'; राजानं त्यांना जमीन दिली आणि त्यांनी आधी खंदक खणला, मग घर बांधलं, म्हणजे शेजाऱ्यांवर विश्वास किती ते बघा. मग 'तरवारवाले', स्वीडनवाल्यांशी लढायला गेले आणि इकडे स्वीडनवाल्यांनी येऊन त्यांची धान्याची कोठारं जाळली. त्यांच्यानंतर घराणं बुडालं आणि गढी विकत घेतली ती 'मद्रासवाल्यांनी'. हे मामांचे लाडके. तमिळ किनाऱ्यावर डेन्मार्कवाल्यांची एक वखार होती, तिथे मिरी-कापडाच्या व्यापारात पैसा करून हा गृहस्थ मायदेशी परतला होता. "म्हंजे पैसा आपलाच की," मामा म्हणत, आणि त्या दिवसापासून ते गढीत तिकीट न काढता शिरू लागले. मग 'पत्तेवाले', ज्यांनी एका बैठकीत निम्मं रान घालवलं, आणि मग 'लोणीवाले', ज्यांनी गाई आणल्या, गावाला दूध सोसायटी काढून दिली आणि गेलेलं बरंचसं रान परत मिळवलं. लोणीवाल्यांबद्दल बोलताना मामा टोपी नीट करतात.

पण मामांना झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीनं. एवढी शतकं लोटली आणि रानाची वाटणी एकदाही नाही. सगळं थोरल्या मुलाला, त्याच्या थोरल्याला, त्याच्या थोरल्याला. दिवाणखान्यात सोनेरी चौकटींत सगळे थोरले ओळीनं टांगलेले. मामांनी तीस वर्षांचा धंदा पणाला लावून म्हाताऱ्याला विचारलं, "व्हेअर यंगर ब्रदर?"  म्हाताऱ्यानं मामांचा हात धरून त्यांना मागच्या जिन्यावर नेलं, जिथून नोकरमाणसं ताटं घेऊन चढायची. तिथे सगळे धाकटे होते. लहान लहान चौकटी, रंग उडालेला. हा लष्करात गेला, हा चर्चात गेला, हा जहाजावर गेला आणि आलाच नाही. शेवटी म्हातारा म्हणाला की माझाही एक धाकटा भाऊ आहे, खाडीपलीकडच्या गावात, आणि वडिलांच्या एका होडीवरून आमचं बोलणं बंद आहे. मग मामांनी त्याला आपल्या बोळाची गोष्ट सांगितली. पुढे दोघं खाली येऊन बाकावर अंधार पडेपर्यंत नुसते बसले होते, असं मामी सांगतात. मामा ही गोष्ट सांगताना जिन्यापर्यंत येतात आणि थांबतात.

परत आल्यावर कोल्हापूरची जी अवस्था झाली ती मी डोळ्यांनी पाहिली. रंकाळ्यावर फिरायला न्यावं तर "खंदक बरा हाय, पर गढी कुठाय?" लग्नात पत्रिका जुळत नसली तर पत्तेवाल्यांच्या सासऱ्याचा दाखला. मिसळीच्या दुकानात शेजारी बसलेल्या इचलकरंजीच्या एका अनोळखी कापडवाल्याला त्यांनी थोरल्यांपासून सुरुवात केली, आणि तो बिचारा तरवारवाल्यांपर्यंत ऐकून म्हणाला, "पावणं, ह्या लोकांचा निकाल कोर्टात कवा हाय?" मी स्वतः गढीचा इतिहास चौदा वेळा ऐकला आहे, म्हणजे बायकोच्या हिशेबानं दीड वेळा. कंटाळा येईल अशी माझी खात्री होती, आला नाही. उलट दुसऱ्याची थाप निघावी म्हणून मी टपून बसलो आणि प्रत्येक गोष्ट खरी निघत गेली, हा माझ्यासारख्या माणसाला केवढा अपमान.

मग एके दिवशी मुलीचा फोन आला. म्हातारा गेला. मामा दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "बोर्ड लावायचा. चौकात. मजकूर तुमी लिवा." पेठेतले वाढदिवस, निवडी आणि श्रद्धांजल्या यांचे बोर्ड मीच लिहितो, कारण त्या कामाला लागणारी अतिशयोक्ती माझ्याकडे बाराही महिने ताजी असते. मी लिहिलं, 'डेन्मार्कचे ज्येष्ठ प्रगतशील बागायतदार, गढीचे धनी, आमचे परममित्र यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' छपाईवाल्यानं आपल्या मनानं म्हाताऱ्याच्या फोटोमागे तेजोवलय आणि दोन कबुतरं टाकली. खाली 'शोकाकुल' म्हणून नावं. आता मी इतकी वर्षं बोर्ड लिहितोय, एका भावाचं नाव घालून दुसऱ्याचं गाळलं तर बोर्ड दुपारपर्यंत टिकत नाही हे हाताला माहीत. त्या हातानं मामांच्या खाली धाकट्या मामांचं नाव टाकलं. डोकं त्या वेळी कबुतरांबद्दल वाद घालत होतं.

सकाळी धाकट्या मामांनी गिरणीचं दार उघडलं तर पहिलं गिऱ्हाईक डबा घेऊन उभं आणि तोंड पाडलेलं. "लई वाईट झालं, आबा," गिऱ्हाईक म्हणालं, "सुतकात तुमाला तरास नगं, दळण नंतर आणतो." दुसरंही तसंच. तिसरी एक म्हातारी तर डबा खाली ठेवून दोन मिनिटं रडून गेली. दुपारपर्यंत मूठभर दाणा दळला गेला नाही. शेवटी धाकटे मामा अंगावरचं पीठ न झटकता आले आणि बोळाच्या कुलपासमोरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मामांच्या उंबऱ्यात उभे राहिले. मी तिथेच होतो. कबुतरांचं बिल द्यायला आलो होतो. ते मोठ्यानं ओरडणार म्हणून मी दाराच्या बाजूला सरकून ठेवलं. पण त्यांना वाटत होतं खरोखरच कुणीतरी गेलं आणि आपल्याला कळवलं नाही. 

"दादा," ते म्हणाले, "आपल्याला सुतक कुणाचं हाय?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी उंची त्या दिवसापासून इंचभर कमीच भरते. मग म्हणाले, "बस. सांगतो." आणि थोरल्यांनी खंदक खणला तिथून सुरुवात केली. धाकटे मामा पिठासकट बसले. मामींनी चहा केला, तो निवला, दुसरा केला. कोठारं जळाली, मद्रासवाले आले, पत्ते झाले, लोणी झालं. आणि मामा पहिल्यांदाच जिन्यापाशी थांबले नाहीत. मागच्या जिन्यावरचे सगळे धाकटे त्यांनी सांगितले, होडी सांगितली, बाक सांगितला.

धाकट्या मामांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग विचारलं, "मग त्या म्हाताऱ्यानं धाकट्याला काय दिलं?"

"समदं," मामा म्हणाले. "म्हाताऱ्याला मूल न्हवतं. गढी, रान, समदं त्येलाच गेलं."

"मेल्यावर."

"व्हय. मेल्यावर."

"त्येला दिलं म्हणत न्हाईत, दादा. ऱ्हायलं म्हणत्यात."

एवढं बोलून धाकटे मामा उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरण बंद करून ते परत आले. "त्यो तरवारवाला," उंबऱ्यातूनच म्हणाले, "त्येच्या धाकट्याला लष्करात घातला कुणी? सोताच गेला का ढकलला?" तेव्हापासून रोज हेच चालू आहे. दोघं चहा पितात आणि डेन्मार्कच्या मेलेल्या जमीनदारांवरून गल्ली हादरेल असे भांडतात. मामा थोरल्यांच्या बाजूनं, धाकटे मामा मागच्या जिन्याच्या बाजूनं. बोळाचं नाव कुणी काढत नाही. बोळाला कुलूप आहे ते आहेच, आणि मामी दळण अजून दोन गल्ल्या पलीकडेच नेतात. हा समेट माझ्या बोर्डानं घडवला असं मी कट्ट्यावर सांगत असतो. बायको म्हणते, "तुमच्या हातून एकच काम नीट झालं, आणि तेही चुकून."

अलीकडे मात्र मला एक शंका येऊ लागली होती. पहिल्या दिवशी एका बैठकीत उरकलेला इतिहास मामा आता एकेक मालक घेऊन सविस्तर सांगत होते, आणि त्यात लोणीवाले काही केल्या येईनात. मधेच एक 'घोडेवाले' निघाले, मग एक 'बहिरे', मग कुणी घुबडं पाळणारी विधवा. गढी जितकी जुनी आहे तेवढ्या काळात इतके मालक होऊन जायला दर पावसाळ्याला पटकीची साथ लागली असती. थापाड्याला थाप वासावरून कळते. आयुष्यभर ज्या माणसानं फुटाचा इंच इकडचा तिकडे केला नाही, तो इतिहास संपू नये म्हणून मालक पेरत चालला होता, कारण इतिहास संपला की भावाला यायला काही निमित्त राहत नव्हतं. मी कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं.

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला. आवाज दबका. मागे शेजारच्या गिरणीची घरघर.

"जावईबापू, एक मालक पायजे."

मी खुललो. म्हटलं, "कसला देऊ? उधळ्या, लढवय्या, की येडा?"

"तसला न्हवं. जित्तेपणी धाकट्याला कायतर दिलेला."

"काय दिलेला, मामा?"

"त्येच सुचंना झालंय," मामा म्हणाले. "लई न्हवं. थोडंसंच. पर आपणहून."

आता मी, ज्यानं शिंकेपासून भूकंप केले, मलाही काही सुचेना. घोडे, बैठका, लढाया सगळं तयार होतं, हे एवढंच नव्हतं. मी विचारलं, "मामा, खऱ्या मालकांत असा एकबी झाला न्हाय व्हय?"

मामांनी आवाज आणखी दबका केला.

"झाला असंल की," ते म्हणाले. "समदे कुठं म्हाईत हायत आपल्याला."