सुशीला कॅम्पाला गेली नाही

सुशीला गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी तिच्यावर चिडूनच बसले होते. दवाखान्यात चल म्हणून आठवडाभर मागे लागले होते आणि ही बाई ‘उद्या जाऊ’ म्हणत कुरड्या घालत होती... महिना होत आला, तरी माझा राग उतरत नाही.

बालाघाटात आमची दारं समोरासमोर. तिची एकुलती नलू शाळेत जाऊ लागली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. गाणं, कवायत, भरतकाम, गाइड... शाळेत जे जे ऐच्छिक होतं, ते ते सुशीलेनं सक्तीचं करून टाकलं. मी बोलले की म्हणायची, “तुले काय समजते? पोरगी एकात जरी मागं पडली ना, मामाजी शाळा बंद करतीन. माह्यी नाही का केली माह्या बापानं?” मामाजींचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, स्वभाव तसा होताच, म्हणून मी गप्प बसायची. मग तालमीच्या वेळी ही शाळेच्या खिडकीशी उभी आणि सोबतीला मी.

परसवाड्याकडे गाइडचा कॅम्प झाला, तेव्हा तर तिनं कहरच केला. पोरी उपाशी राहतील म्हणून मला बसमध्ये कोंबलं आणि आम्ही लोणच्यासकट हजर. मुली चुलीपुढे धुरात डोळे चोळत होत्या. गाइड शिकवणाऱ्या बहनजींची पाठ वळताच हिनं नलूला बाजूला सारलं, भात उतरवला, डाळीला फोडणी दिली. स्वयंपाक हीच त्या दिवशीची परीक्षा आहे, असं मी कानीकपाळी ओरडत होते, पण ऐकेल ती सुशीला कसली! बहनजींनी एक घास खाल्ला, आमच्याकडे पाहिलं आणि नलूच्या टोळीला बिल्ला नाकारला. नलू रडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, तू नोको येत जाऊ. तू आली का माह्यं काहीच माह्यं राहत नाही.”

पुढच्या वर्षी कॅम्पाच्या दिवशी मी वैतागत पिशवी भरून तयार, तर ही दारात तांदूळ निवडत बसलेली.

“काहून, बस नाही धरायची?”

“नाही.”

“अन् मामाजी?”

तिचा हात थांबला. “त्यायले मी पाहून घेईन. तिचं तिले करू दे.” दिवसभर तिनं तेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडले. मला बघवेना.

नलू परतली ती घरून नेलेला भाताचा गंज, मोठं पातेलंच ते, करपवून, बिल्ल्याशिवायच. सासरे म्हणाले, “झालं? आता बस झाली शाळा.” त्यांच्यापुढे कधी तोंड न उघडलेली सुशीला डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, “भातच करपला ना मामाजी. शाळा चालू राहीन.” आणि राहिली. आज नलू वारासिवनीला मास्तरीण आहे.

तेरवीनंतर भांडी घासताना तो गंज हाती आला. तळाचा काळा थर तसाच. एरवी प्रत्येक भांडं दोनदा घासणारी बाई! मी राखेची मूठ घेतली, तर नलूनं मनगट धरलं. “राहू दे मावशी. आई नव्हती घासत.” परवा तिनं त्यातच भात टाकला. तो तळाला लागलाच. मी वैतागले, बोलले, आणि पुन्हा मागून घेतला.