तीन भोकांची आदोळी

भांडण स्वतःचं असलं तरी समोरच्याची बाजू आधी आणि जास्त तळमळीने मांडणारा माणूस साऱ्या गोव्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. नात्याने माझे ते मामेसासरे, पण सगळं डिचोली त्यांना मामाच म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. लाटंबार्शाच्या मैदानावर मामा अंपायर असले की दोन्ही संघ घाबरून असायचे. एकदा त्यांनी आपल्याच गावच्या कप्तानाला पायचीत दिलं आणि लगेच पाहुण्या गोलंदाजाजवळ जाऊन त्याला समजावलं, की चेंडू तसा काही भारी नव्हता, हा गडीच चुकीचा पाय टाकून बसला. त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर सारखेच चिडले. काजूच्या दिवसांत बागायतीतले बोंडू चोरीला गेले तेव्हा मामा पोलिसांत गेले खरे, पण तिथे त्यांनी सांगितलं की कुंपण मीच मोडकं ठेवलं होतं, चोराला बिचाऱ्याला ती पायवाट वाटली असणार. हवालदाराने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तक्रार तुमची की त्याची?" घरीही तेच. माशांच्या हुमणात मीठ जास्त पडलं म्हणून मामा आवाज चढवायचे आणि मामींनी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "पण तुझीही बाजू आहे. मिठाचा डबा मीच बदलला." मामी मला एकदा म्हणाल्या, "ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे आपल्याला कामच राहत नाही. दोघांचं तेच भांडतात."

डिचोलीच्या बाजारामागे मामांचं लहानसं वर्कशॉप आहे. तिथे ते आदोळ्या करतात. आदोळी म्हणजे आपली नारळ खवायची विळी. बसायला पाट, पुढे वाकलेलं पातं, पात्याच्या टोकाला दाते. मामींचे गुडघे धरले आणि त्यांना जमिनीवर पाटावर बसणं जमेना, तेव्हा मामांनी ओट्याला स्क्रूने आवळता येईल अशी आदोळी करायचं मनावर घेतलं. दोन वर्षं ते त्याच एका गोष्टीमागे होते. त्या दोन वर्षांत ओट्याच्या तीन फरश्या फुटल्या आणि नारळ इतके खवले गेले की शेजाऱ्यांनी सोलकढीचं आमंत्रण घेणं बंद केलं. शेवटी उभ्याने खवता येईल अशी, घडी होणारी, पातं न डगमगणारी आदोळी तयार झाली. तिच्या पट्टीला तीन भोकं होती. दोन स्क्रूंची. तिसरं चुकून पडलं होतं. साचा करताना ड्रिल घसरलं आणि साच्यातच भोक पडलं, त्यामुळे ते प्रत्येक आदोळीत उतरायला लागलं. बेळगावकडचा एक टर्नर बारा वर्षांपासून त्यांच्याकडे होता, बायकोमुलांसह डिचोलीतच खोली करून राहायचा. तो म्हणाला, नवा साचा करू. मामा म्हणाले, "चूक माझी आहे. तिने कोणाचं काही बिघडवलेलं नाही. राहू दे."

ही आदोळी त्या मोठ्या ऑनलाइन दुकानावर माझ्या बायकोने चढवली. दुकानाचं नाव मी घेत नाही. ज्यांच्या घरी पुठ्ठ्याचे खोके साचलेत त्यांना ते सांगायला नको. पहिल्या महिन्यातच जिथे जिथे नारळ खातात तिथून मागणी यायला लागली. पॅकिंगला गावातल्या दोन बायका ठेवाव्या लागल्या. मामा दुपारी जेवण झालं की फोन घेऊन बसत आणि गिऱ्हाइकांच्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर लिहीत. एका बाईने पार्सल उशिरा आलं म्हणून एकच तारा दिला, तर मामांनी तिला अर्धं पान लिहिलं की तुमचा राग बरोबर आहे, पण पार्सलवाल्याच्याही वाटेत घाट असतील. बाईने वैतागून आणखी चार तारे दिले.

बाजारातले दुकानदार त्या कंपनीच्या नावाने बोटं मोडत असत. भांडीवाला म्हणे, चपलावाला म्हणे, आम्ही बसलो माश्या मारत. मामा त्यांच्या दुकानात जाऊन कंपनीची बाजू लढवायचे. "लाटंबार्शातल्या म्हाताऱ्याला साखर तपासायचं यंत्र घरपोच मिळतं. आधी त्यासाठी पणजीला जाऊन अख्खा दिवस जायचा. हे खोटं आहे का?" खोटं नव्हतं. पण भांडीवाल्याने मामांना सहा महिने चहा विचारला नाही.

मग एका पावसाळ्यात मागणी आटली. आधी वाटलं, पावसाचे दिवस आहेत, पुढे चतुर्थी आहे, वाढेल. चतुर्थीला गोव्यात नारळाशिवाय पान हलत नाही, पण तीही कोरडी गेली. माझ्या बायकोने त्या दुकानात 'आदोळी' शोधली तर सगळ्यात वर कंपनीच्या स्वतःच्या नावाची आदोळी होती. मामांची नवव्या पानावर, कुत्र्याचे केस विंचरायच्या फण्यांच्या खाली. मामांनी ती कंपनीची आदोळी मागवली. पार्सल वर्कशॉपच्या टेबलावर उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी ती हातात घेतली, फिरवली, पात्यावरून अंगठा नेला आणि म्हणाले, "पोलाद बरं वापरलंय हां."

टर्नर म्हणाला, "मामा, तिसरं भोक पण आहे."

त्या भोकात मामांनी करंगळी घालून पाहिली. तंतोतंत बसली.

त्यांनी कंपनीला लिहिलं. लगेच उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. मामांना वाटलं समोर कोणी सभ्य माणूस आहे, म्हणून त्यांनी पुन्हा सविस्तर लिहिलं. पाच वेळा तेच उत्तर आल्यावर त्यांना कळलं की समोर माणूसच नाही. मला वाटतं त्यांना आदोळीच्या चोरीपेक्षा ह्या गोष्टीचं जास्त लागलं. ज्याची बाजू समजून घ्यायची तोच जाग्यावर नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. पॅकिंगच्या बायकांना त्यांनी येऊ नका म्हणून सांगितलं. टर्नरच्या बायकोने शेजारणीला तुळशीची कुंडी दिली, कारण बेळगावच्या बसमधून ती नेता येणार नव्हती. त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत आणि मामींशी भांडलेही नाहीत. मामींनी घाबरून मला फोन केला.

पुढच्या रविवारी मामा पेडण्याला आमच्या घरी हजर. काखेत फाईल. "जावईबुवा, तुम्ही सरकारी माणूस. अशा कंपनीवर कारवाई व्हावी की नाही?"

मी पणजीला मत्स्य खात्यात कारकून आहे. पण मामांच्या मते सरकारातला कुठलाही माणूस सगळा कायदा पिऊन बसलेला असतो. मी उत्तर द्यायची गरजही नव्हती. जनेलापासून, म्हणजे खिडकीपासून, दारापर्यंत फेऱ्या घालत त्यांनी स्वतःच वाद सुरू केला. "दुकान त्यांचं. आपल्या दुकानात आपला माल पुढे मांडला तर चूक काय? डिचोलीचा वाणीही मांडतो."

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणालो.

"मिटला कसा? वाण्याचं नाही पटलं तर मी दुसऱ्या वाण्याकडे जातो. इथे दुसरा वाणी कुठे आहे? सगळं गिऱ्हाईक त्याच एका दारातून आत येतं. आणि माझी आदोळी कोण घेतं, कुठल्या गावात घेतं, हे माझ्याआधी त्याला कळतं. शेजारी बसून माझा पेपर बघून लिहिला त्याने, आणि वर तपासायलाही तोच बसला." मग जनेलाशी थांबून म्हणाले, "बंद करा म्हणत नाही मी. बाजार चालवा, नाहीतर दुकान मांडा. दोन्ही करायचं तर सगळ्यांना सारखं माप लावा."

पणजीच्या एका तरुण वकीलबाईंनी सांगितलं की बाजारातली चढाओढ सचोटीची राहते की नाही हे पाहणारा एक आयोग दिल्लीला आहे, तिथे तक्रार करता येते. त्यांनी मोठ्या मेहनतीने तक्रार लिहिली. मामांनी वाचली आणि म्हणाले, पहिलं पान राहिलं. पहिल्या पानावर त्यांना कंपनीने केलेली चांगली कामं घालायची होती. साखरेचं यंत्र, घाटातला पार्सलवाला, पॅकिंगच्या बायकांना मिळालेलं काम, सगळं.

"मामा, ही तक्रार आहे, मानपत्र नाही," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांचे वकील हेच पान आपल्या तोंडावर मारतील."

"मारू देत. अर्धं खरं लिहिलं तर ते खोटंच झालं."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पान राहिलं.

सुनावणीला दिल्लीला जायचं ठरलं तेव्हा मोपाच्या विमानतळावर मामांच्या हातातल्या पिशवीत दोन आदोळ्या निघाल्या. सुरक्षेच्या जवानाने त्या बाहेर काढल्या, तर मामांनी त्याची पाठ थोपटली. "बरोबर केलंत. ह्या दात्यांनी माणूस सहज जखमी होईल. आणि ही बाजू बघा, ही तर आणखी वाईट." जवानाने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना. आदोळ्या मोठ्या सामानातून पाठवून आम्ही विमानात बसलो तेव्हा दार लागतच होतं.

आयोगाच्या खोलीत लांब टेबल होतं. कंपनीचे पाच वकील एका बाजूला, आमच्या वकीलबाई, मी आणि मामा दुसऱ्या बाजूला. त्यांचे पिकल्या केसांचे मुख्य वकील फार सुंदर बोलले. म्हणाले, ह्या छोट्या कारागिरांना नव्या तंत्रज्ञानाची भीती वाटते, त्यांना जुने दिवस परत हवेत, गिऱ्हाइकाचं भलं त्यांना दिसत नाही. मामा मान डोलावत होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

अध्यक्षबाईंनी कागद चाळले आणि तक्रारीचं पहिलं पान मोठ्याने वाचलं. सगळंच्या सगळं. मग चष्म्यावरून वकिलांकडे पाहून म्हणाल्या, "ह्या गृहस्थांना तुमचं भलं तुमच्यापेक्षा चांगलं दिसलेलं आहे. आता ते काय चूक म्हणतात ते ऐकू या."

मामा उभे राहिले. त्यांच्या हिंदीत कोकणी जास्त होती, पण सगळ्यांना समजलं. ते म्हणाले, "आमच्या जत्रेत जागा वाटायला एक माणूस असतो. तो चांगला असला की जत्रा चांगली भरते. त्याने स्वतः गोड खाज्यांचं दुकान घातलं तरी हरकत नाही. पण देवळाच्या दारातली जागा त्याने स्वतःला घेतली आणि खाजेवालीला पाण्याच्या तळीच्या मागे पाठवलं, तर लोक त्याचीच खाजी खाणार. ती गोड आहेत म्हणून नव्हे, समोर आहेत म्हणून." मग त्यांनी दोन्ही आदोळ्या टेबलावर ठेवल्या, एक आपली, एक कंपनीची. "दोन भोकं स्क्रूंची. हे तिसरं कशाला, एवढं मला सांगा."

पाच वकिलांनी डोकी एकत्र केली. मागे बसलेल्या कंपनीच्या इंजिनियरला विचारलं. पिकल्या केसांचे वकील उभे राहून म्हणाले, "हवा खेळती राहावी, पात्याला गंज चढू नये, म्हणून आमच्या संशोधन विभागाने केलेली ती योजना आहे."

"नाही हो," मामा अगदी हळू, त्यांना वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले. "ती माझी चूक आहे. ड्रिल घसरलं होतं."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रुमालाने डोळे पुसले. टंकलेखक हसायचा थांबेना. आमच्या वकीलबाईंनी टेबलाखाली माझा हात इतका जोरात दाबला की त्यांच्या अंगठीची खूण दोन दिवस राहिली.

चौकशीचा हुकूम झाला. मग चपला करणारे, पिशव्या शिवणारे, कुठकुठल्या राज्यांतले लोक आपापल्या नकला घेऊन पुढे आले. निकालाला वर्षाच्या वर गेलं, पण लागला तो असा की डिचोलीच्या बाजारात पेढे संपले. विकणाऱ्यांची माहिती वापरून कंपनीने स्वतःचा माल काढायचा नाही, आपला माल वर आणि दुसऱ्याचा खाली असं करायचं नाही, आणि तक्रारीला उत्तर द्यायला माणूस ठेवायचा. हे शेवटचं मामांनी मागून घेतलं होतं. कंपनीची आदोळी दुकानातून गेली, मामांची नवव्या पानावरून वर आली. टर्नरने बेळगावहून परत येऊन बोचकं सोडलं. त्याच्या बायकोने तुळस परत मागितली, आणि शेजारणीने देताना वर अबोलीचं रोप दिलं.

फटाके मात्र मामांनी वाजवू दिले नाहीत. "अपिलाची मुदत आहे. त्यांचा तो हक्क आहे. संपेपर्यंत थांबा." मुदत संपली त्या दिवशी सकाळीच भांडीवाला हार घेऊन वर्कशॉपमध्ये आला, त्याच्यामागे चपलावाला, आणि त्यांच्यामागे ढोल-ताशे. मामांना उचलून बाजारभर फिरवलं. मामी गॅलरीतून पाहत होत्या आणि पदराने हसू झाकत होत्या. लोकांनी भाषण करायला लावलं, तर मामांनी त्या पिकल्या केसांच्या वकिलांचे आभार मानले. बिचारे फार अभ्यास करून आले होते, म्हणाले. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. मामांच्या आयुष्यात समोरच्याच्या बाजूला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

ह्याला आता काही वर्षं झाली. वर्कशॉप टर्नर पाहतो. मामांना हल्ली ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आणून दिलं, पण ते खिशातच असतं. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ते पडवीत खुर्चीवर बसले होते. बोलणं काही पुढे सरकेना, म्हणून मी मुद्दाम त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "मामा, असली ऑनलाइन दुकानं सरकारने पार बंदच करून टाकायला हवीत." वाटलं, आता उसळतील, दोन्ही बाजू मांडतील, मला खोटं पाडतील. मी वाट पाहत राहिलो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चहा घेतलात?"