कूलरसमोरचं झाड

मंडळी, आज दुपारी आमच्या घरात कूलरवरून वाद झाला आणि त्यात मी साफ हरलोय.

नवीन मंडळींसाठी सांगतो, मी पडेगावात राहतो आणि हौसेनं सदर्न बीच नावाच्या झाडाचं रोप वाढवतोय. हे झाड न्यूझीलंडच्या थंड डोंगरातलं. आपल्या उन्हात त्याची पानं पापडासारखी कडक होतात, म्हणून उन्हाळाभर त्याची कुंडी हॉलमध्ये कूलरसमोर असते. मी आणि बायको पंख्याखाली.

आज भर उन्हात पैठणहून मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. घामानं चिंब झाले होते. आल्या आल्या त्यांनी कुंडी उचलून बाहेर ओट्यावर ठेवली आणि कूलरसमोर आडवे झाले.

आता सासऱ्यांना उठा कसं म्हणणार? मी गुपचूप कुंडी आणून त्यांच्या उशाशी ठेवली आणि पानांवर पाणी फवारलं. निम्मं त्यांच्या तोंडावर गेलं.

ते दचकून उठले. "पाव्हणं, हे काय लावलंय?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता भडकणार. पण त्यांनी आधी रोपाकडं बघितलं, मग कूलरकडं.

"लई नाजूक हाय व्हय? मग ह्याच्याजवळ कुणीतरी बसायला पायजे. मोठं व्हायला किती दिवस लागतील?"

"मामा, वर्षं लागतात."

"लागू द्या की," म्हणाले आणि माझ्या बायकोला हाक मारली, "सुमे, माझी पिशवी आत ठिव."

सध्या मामा आणि रोप, दोघं कूलरसमोर गारेगार आहेत. कुणाकडं जुना कूलर आहे का हो? की मीच सासरवाडीला राहायला जाऊ?