वेडी बाभूळ आणि तांदळाचं पाणी

रवीचा, माझ्या मुलाचा, हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात होतो. "अण्णा, आई गेली," एवढंच म्हणाला. मी बरं म्हटलं आणि फोन खिशात टाकला. पुढं काय करायचं ते सुचेना, म्हणून झाडाभोवती चालायला लागलो. तेव्हापासून चालतोच आहे. माझी सुमन घरात नाही म्हणून बाहेर येतो, बाहेरही नाही म्हणून परत आत... सून म्हणते, अण्णा, बसा की जरा. बसू कुठं? ओटा मी सुमनसाठी बांधलेला.

ॲरिझोनातलं हे घर रवीनं घेतलं तेव्हा मागं नुसती धूळ होती. धूळ, खडे आणि ऊन. सुमनला ते बघवेना. तिच्याच हट्टापायी रवीनं अंगण करायला घेतलं. मी जन्मभर गवंडीकाम केलं, पण काँक्रीटचे असले नखरे कधी केले नाहीत. इथली माणसं आली, ओल्या काँक्रीटवर रबराचे साचे दाबले आणि बघता बघता दगडी फरशी तयार. सुमन म्हणाली, खोटा दगड आहे, पण दिसतो बरा. मग तिनं दुसरा हट्ट धरला. स्वयंपाकघराच्या दारापासून झाडाच्या खड्ड्यापर्यंत पाट हवा, तांदूळ धुतलेलं पाणी वाया जाता कामा नये. त्या माणसांना कळेना ही बाई काय मागतेय. शेवटी ओलं होतं तोवर मीच थापी घेऊन गुडघ्यावर बसलो आणि पाट ओढला. वाकडाच आहे. गुडघे राहिलेत कुठं.

झाड आणलं मेस्किटचं. इथल्या उन्हाला तेच पुरून उरतं म्हणे. सुमननं पान चोळलं, काटा बघितला आणि हसत सुटली. "अहो, ही तर आपली वेडी बाभूळ. तिकडं उपटता उपटता हात फाटले, आणि इथं पैसे देऊन आणली?" पण लावल्यावर ती हिचीच झाली.

नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, पाणी बेतानं द्या, तेही खोडापासून लांब, म्हणजे मुळं शोधत जातील. सुमनला हे पटलंच नाही. दारातलं झाड तहानेलं ठेवायचं म्हणजे काय? सकाळी तांदळाचं पाणी पाटात, दुपारी भाजीचं. झाड भसाभस वाढलं. उन्हाळ्यात धुळीचं वादळ आलं आणि झाड आडवं झालं. मुळं सगळी खड्ड्यातच गोळा झालेली. पाणी पायाशी येत होतं, ती लांब जातील कशाला? मी म्हटलं, लाडानं मारलंस त्याला. तर म्हणाली, "तुम्ही सिमेंटला दिवसदिवस पाणी मारत होता, ते काम. मी झाडाला घातलं की लाड."

दुसरं मेस्किट लावलं. दोन्ही बाजूंना खुंट ठोकले. दोरीनं साल कापेल म्हणून तिनं स्वतःची हिरवी सुती साडी फाडली आणि पट्ट्यांनी बांधलं. वर्षानं पट्ट्या सोडायच्या होत्या. खोड वाऱ्यानं हललं तरच जाड होतं. पण ती हात लावू देईना. हॉस्पिटलात जाताना गाडीत बसली, काच खाली करून मला म्हणाली, "मी येईपर्यंत पट्ट्या सोडू नका."

आली नाही.

वादळाचे दिवस जवळ आले तसा रवी दोनदा म्हणाला, अण्णा, आता सोडायला हवं. मी त्याच्यावर खेकसलो. सोडलं तर हिचा शब्द मोडतो, नाही सोडलं तर झाड मोडतं. दिवसभर जायचो, गाठीला हात लावायचो, परत यायचो... एका सकाळी मात्र बसलो आणि सोडायला घेतल्या. सून कात्री घेऊन आली. नको म्हटलं. सुमननं घातलेल्या गाठी, नखांनीच सोडल्या. झाड जरा कललं.

आठवड्यात वादळ आलंच. अंगण दिसेनासं झालं. मी काचेला नाक लावून उभा. रवीनं विचारलं, "जाऊन परत बांधू का?" माझ्या तोंडात हो आलं होतं. नको म्हटलं. झाड भिंतीपर्यंत वाकलं, उठलं, परत वाकलं. धूळ बसली तेव्हा फरशीभर पानं पडलेली, आणि झाड उभं.

आता भात मी लावतो. कुकरला हात लावायचा नाही असा माझा नियम होता, तो गेला. तांदूळ धुतले की पातेलं घेऊन फरशी ओलांडतो, पार कुंपणाच्या भिंतीशी, उघड्या मातीत पाणी ओततो. मुळांनी यावं तिथवर चालत. मी येतोय की रोज. पट्ट्या खुंटांनाच आहेत, वारा सुटला की फडफडतात. सून म्हणाली, पाट बुजवून टाकू या, कुणाचा तरी पाय अडकेल. अडकू दे म्हटलं. दारातून निघताना मी पातेलं पाटात एकदा वाकवतोच. घोटभर. तेवढ्यानं काही झाड पडत नाही.