दुसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती

आगमनकाळ लागला की आमच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला एक लहान टेबल येतं. त्यावर हिरव्या पाल्याचं गोल कडं ठेवायचं आणि कड्यात चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक नवी पेटवायची. पहिल्या दोन रविवारी जांभळ्या, तिसऱ्याला गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार, आणि चौथ्याला उरलेली जांभळी. पुढचं सगळं यावरूनच घडलं म्हणून आधी हे लिहिते. मला हे पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं.

अकरा वर्षं ते कडं मी केलं. माझा भाऊ विंचूरकडे द्राक्षबागेत कामाला आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की तो लांब काड्यांची मोळी एसटीत घालून देतो. काड्या ओल्या आहेत तोवर वळवाव्या लागतात, वाळल्या की कटकन मोडतात. मी त्या एकमेकींत पिळून सुतळीनं बांधायची आणि माळ्यावर ठेवून द्यायची. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी कॉन्व्हेंटच्या आवारातला सुरूचा पाला आणि मोरपंखी आणून त्यावर गच्च बसवायची. हाताचा वास दोन-तीन दिवस जात नसे.

मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, मी मागून दुसऱ्या बाकावर बसते, खांबाच्या आड. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे वेदीवर जाऊन वाचन करायचा प्रश्न नाही. गाताना माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. गल्लीतल्या प्रार्थनेत माझी पाळी आली की मी शेजारणीला कोपरानं ढोसते, म्हणजे तिनं सुरू करावं. पण त्या चार रविवारी सगळं चर्च माझ्या हातच्या कामाकडे बघत असायचं आणि मला एक शब्द बोलावा लागत नसे.

यंदा आगमनकाळाच्या आधी सिस्टरनी मला थांबवलं. वेदीची सजावट त्यांच्याकडे असते.

"या वर्षी तुम्हाला त्रास नको," त्या म्हणाल्या. "मावशींच्या सुनेनं तयार मागवलंय. मोबाइलवरून. फार सुंदर आहे."

"बरं झालं सिस्टर," मी म्हणाले. घरी आले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

मावशी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या. माझ्या नात्यातल्या नाहीत, पण सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्यांची ही सून लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी इथं आली. माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट. आली तेव्हा तिला मिस्सेत कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे हेसुद्धा कळत नव्हतं, शेजारच्या बाईकडे बघून करायची. आणि सहा महिन्यांत ती वेदीवर वाचायला लागली. वाचताना तिचे डोळे पुस्तकात कमी आणि आमच्याकडे जास्त असतात. स्तोत्र तीच गाते. माझे मालक सातपूरला कारखान्यात जातात. एका रविवारी मिस्सेहून येताना ते म्हणाले, "तिचा आवाज ऐकला की आठवड्याची शिफ्ट अंगावरून उतरते बघ." तेवीस वर्षांत माझ्या कुठल्या गोष्टीनं त्यांची शिफ्ट उतरल्याचं मला तरी आठवत नाही.

खरं सांगायचं तर मला तिच्या चपलांचासुद्धा हेवा वाटायचा. मी चपला भिंतीला लावून, कडेला काढते, कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून. ती दाराच्या मधोमध काढते आणि आत जाते. फादर तिला नावानं हाक मारतात. मला फादर "काय, बरं आहे ना?" एवढंच म्हणतात, पण त्यात त्यांचा दोष नाही. मी थांबतच नाही.

पहिल्या रविवारी ते विकतचं कडं टेबलावर आलं. प्लास्टिकचा पाला, पण हात लावल्याशिवाय कळणार नाही असा. मध्ये लाल फळं, सोनेरी बोंडं. मिस्सा संपल्यावर लोक त्याचे फोटो काढत होते. सगळे गेल्यावर मी जवळ जाऊन एक पान तोडून बघितलं. तुटलं नाही.

दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी चर्चच्या साफसफाईची पाळी आमच्या गल्ल्यांची होती. बाकीच्या बाया बाहेरचं आवार झाडत होत्या. सिस्टर घोटीकडे गेल्या होत्या. आत आम्ही दोघीच, मी बाकं पुसत होते आणि मावशींची सून वेदीपाशी फुलदाण्या धूत होती. तिथूनच ती म्हणाली, "काकू, उद्या मेणबत्ती पेटवायची पाळी आमच्या घराची आहे."

"हं."

"आमच्याकडे माहेरी हे असलं नव्हतं हो. मागच्या वर्षी मी माहेरी होते, त्यामुळे बघितलंही नाही. उद्या कुठली लावायची? आता गुलाबी ना?"

मी बादलीपाशी वाकून फडकं पिळत होते. मी पिळतच राहिले.

"मम्मींना विचारलं तर म्हणतील, एवढंही कळत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. सासूला ती मम्मी म्हणते. "म्हणून तुम्हाला विचारते."

'नाही गं, जांभळी,' एवढं म्हणायचं होतं. ते शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी म्हणाले, "मला काय विचारतेस? मी काय शिकलेली आहे? तुला बरी दिसेल ती लाव."

"मग गुलाबीच," ती म्हणाली आणि हसली.

रविवारी मिस्सेच्या सुरुवातीला ती आणि तिचा नवरा पुढं गेले. मावशी पहिल्या बाकावर काठाची साडी नेसून बसल्या होत्या. नवऱ्यानं मागच्या रविवारची जांभळी पेटवली. तिनं काडी ओढली आणि गुलाबीला लावली. पहिल्या बाकावरून "अगं!" असा आवाज आला. मग कुजबुज, मग कोणीतरी खुदकन हसलं. तिला काय झालं ते कळेना. ती जळती काडी हातात धरून फादरांकडे बघत होती.

फादर म्हणाले, "आपल्याकडे आनंद एक आठवडा आधीच आला म्हणायचा! राहू दे, राहू दे. पेटली ती पेटली."

सगळं चर्च हसलं. तोंडाला पदर लावून मीही हसले.

मिस्सा संपल्यावर आवारात मावशी थांबल्याच होत्या. "दोन वर्षं झाली येऊन, अजून रंग कळत नाहीत! माहेरी मेणबत्ती फक्त लाईट गेल्यावर बघितली असेल हिनं."

"जाऊ द्या हो मावशी," कोणी म्हणालं.

"काय जाऊ द्या? साडीला मॅचिंग बघून लावली असेल! पुढं पुढं करायची हौस मात्र केवढी."

बाया हसल्या. ती म्हणाली, "चुकलं मम्मी." मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझं नाव घेतलं नाही. मी चपला शोधत होते. माझ्या चपला नेहमीच्या जागी भिंतीशीच होत्या.

त्या दुपारी मला जेवण गोड लागलं. खोटं कशाला लिहू.

तिसऱ्या रविवारी स्तोत्र दुसऱ्याच मुलीनं गायलं, आणि वाईट गायलं. वाचायला एक गृहस्थ गेले. मी खांबाच्या आड माझ्या बाकाकडे गेले तर तिथं ती बसलेली. माझ्या जागेवर, पदर डोक्यावरून पुढं ओढून. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. पण आधी मनात आलं ते हेच की आता माझा खांबसुद्धा हिनं घेतला. मी तिच्या शेजारी बसले. तिनं सरकून जागा दिली, माझ्याकडे न बघता. टेबलावर त्या दिवशी उरलेल्या दोन जांभळ्यांपैकी एक पेटवली होती आणि गुलाबी तिच्यापेक्षा अंगठाभर बुटकी झाली होती. ज्याला माहीत नाही त्यालाही दिसावं इतकी.

घरी जाताना मालक म्हणाले, "ती बाई का गात नाही?"

"मला काय माहीत?"

"तुला कधी काय माहीत असतं!"

त्याच आठवड्यात पापनिवेदन होतं. नाताळच्या आधी बाहेरगावचे तीन-चार फादर येतात, लोक रांगा लावतात. मी मुद्दाम अनोळखी फादरांच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर नेहमीचं सगळं सांगितलं, चिडले, रविवारी उशिरा आले, वगैरे. मग थांबले. फादर म्हणाले, "अजून काही?" मी म्हणाले, "एकीनं मला एक विचारलं. मला येत होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

मला वाटलं होतं मी म्हणेन, लाजले. लोक नेहमी माझ्याबद्दल तेच म्हणतात. मी म्हणाले, "तिचं चुकावं म्हणून. आणि सगळ्यांसमोर चुकलं."

फादर मग म्हणाले, "ज्यांच्यासमोर तिची मान खाली गेली, त्यांच्यासमोर जाऊन सांगा. निदान एकाजणासमोर."

त्यांनी प्रायश्चित्त म्हणून पन्नास जपमाळा करायला सांगितलं असतं तर मी आनंदानं केल्या असत्या.

दोन दिवस मी मागच्या गल्लीतून जाणंच टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. मावशी खाली पाटावर करंज्या भरत होत्या, सून गॅसपाशी तळत होती.

"ये ये! तू कशी वाट चुकलीस?" मावशी म्हणाल्या. "बस. एक करंजी खा. फुटकीच मिळेल, हिनं तळल्यात."

मी बसले नाही. बसले असते तर उठून निघून आले असते. उभ्यानंच म्हणाले, "मावशी, त्या मेणबत्तीचं सांगायचंय. तिची चूक नाही. तिनं मला आदल्या दिवशी विचारलं होतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "अगं, तू कशाला अंगावर घेतेस? तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे काय आम्हाला माहीत नाही? लाजली असशील." मग मान वळवून सुनेला म्हणाल्या, "बघ! चूक तुझी, आणि ही बिचारी तुझ्यासाठी उन्हातून आली. शीक जरा. याला म्हणतात मन."

सुनेचा झारा कढईत थांबला. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण तिचा कान लाल झालेला मला दिसला.

मी तिथून निघू शकले असते. फादरांनी सांगितलं तेवढं करून झालं होतं, वर कौतुकही मिळालं होतं. आणि ते 'मन' ऐकून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. पण आता माझ्यामुळे तिला दुसऱ्यांदा ऐकून घ्यावं लागत होतं, आणि तेही माझ्यासमोर.

"लाज नव्हती मावशी," मी म्हणाले. "हेवा होता."

"कोणाचा?"

"हिचा."

"हिचा?" मावशींच्या हातातली करंजी तशीच राहिली. "हिचा हेवा करावा असं काय आहे गं हिच्यात?"

आता सांगणं भागच होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलत होते. "ती वाचते ते. एवढ्या लोकांकडे बघून वाचते. गाते ते. आमचे मालक म्हणतात, तिचा आवाज ऐकला की शिफ्ट उतरते. सिस्टरनी माझं काम काढून तिला दिलं. ती चपला दाराच्या मधोमध काढते."

"चपला?" सुनेला हसू फुटलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि गॅस बारीक केला.

मावशी करंजीच्या कडा दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं चांगलं गाते ही? मी घरात रोज बघते, माझ्या लक्षात नाही आलं."

सून मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"मला तेव्हाच कळलं होतं काकू," ती म्हणाली. "तुम्ही फडकं पिळत होता आणि त्यात पाणीच नव्हतं. पण नंतर वाटलं, नाही, काकू असं करणार नाहीत."

"मग आवारात सांगितलं का नाहीस?"

"कोणी मानलं असतं? तुम्ही, आणि असं करणार? आत्ता तरी मम्मींनी कुठं मानलं होतं?"

"राग आहे माझा?"

"आहे," ती म्हणाली. जरा विचार केला. "नाताळपर्यंत जाईल बहुतेक."

मी निघाले. घराला वळसा घालून गल्लीच्या तोंडाशी आले, तोवर खिडकीतून मावशींचा आवाज आला. "ए, म्हण बघू ते रविवारचं स्तोत्र."

"आत्ता, मम्मी? तळता तळता?"

"मग काय झालं? बघू तरी लोक काय ऐकतात एवढं."

थोडा वेळ नुसता तेलाचा आवाज. मग ती गायला लागली. आधी हळू, मग चर्चमध्ये गाते तशी. मला पुन्हा तोच हेवा वाटला, तसाच्या तसा, काही कमी झालेला नव्हता. घरी दूध तापवायचं राहिलं होतं आणि मालकांची यायची वेळ झाली होती. मी सार्वजनिक नळाच्या कट्ट्याशी उभी राहिले. तिनं चार कडवी म्हटली, मी चारही ऐकली.