हवालदाराच्या मिशांवरचं तूप

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगावी, तर तो त्याआधीच गेलेला. लेकीला सांगावी, तर ती काही बोलणार नाही, नुसती माझ्याकडं बघत राहील — आणि मला तेच नको आहे. कुत्र्यांना एक-दोनदा सांगून पाहिली. ऐकतात छान, कान टवकारून; पण ऐन जागी मांजर दिसलं की उठून जातात. आता तुम्ही निवांत बसला आहात, तर सांगते. मात्र वळसे घेत सांगेन. कुत्री फिरवणाऱ्या बाईला सरळ वाट कुठली यायची?

हो, धंदाच आहे तो माझा. धाराशिवात लोकांची कुत्री पहाटे फिरवून आणायची. नवरा गेल्यावर शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं कुत्रं एकदा सहज हातात दिलं, आणि मग ते हातातून सुटलंच नाही. भावकीनं कपाळाला हात लावला. तामलवाडीला माहेरी आम्ही मेंढरं राखायचो, त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं. पण बाईमाणूस पगारावर कुत्री राखतं म्हणजे काय! मला मात्र त्या दिवसांत आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलं होतं. तेव्हाच्या त्या मला आज बघितलं असतं तर मीच हसले असते. लेकीचे पांढरे बूट पायात, पदर कमरेला खोचलेला, मुठीत चार-पाच पट्टे, आणि चाल अशी की जिल्हाधिकारी पाहणीला निघाल्या आहेत. ज्याला-त्याला सांगायची, "कुत्रं कसलंबी असू द्या, माझ्यापुढं मान खालीच घालतं." काय तो तोरा!

आणि कुत्री तरी कसली एकेक. बँकेतल्या साहेबांची लॅब्रॅडोर घरातली एक चप्पल तोंडात धरूनच निघायची आणि तीच परत आणायची. साहेब तोवर एका चपलेवर. डॉक्टरीणबाईंचं नकटं पग देवळाची घंटा वाजली की खाली बसायचं, आणि आरती संपेपर्यंत काही केल्या उठायचं नाही. एका वकिलांचा अल्सेशियन होता, वाघासारखा. तो कोंबडीला घाबरायचा. कोंबडी दिसली की माझ्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसायचा आणि मग आम्ही दोघं तसेच, अडखळत, कोंबडी ओलांडायचो.

पहाटे डोंगराकडून धुकं उतरतं तेव्हा आपलं गाव आपलं राहत नाही. लेण्यांकडच्या रस्त्यानं निघालं की दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, पण दिसत नाही — नुसती सळसळ ऐकू येते, कुणी झोपेत कूस बदलावी तशी. पट्टे पुढं धुक्यात गेलेले. टोकाला कुत्री आहेत की नाहीत, कळत नाही. फक्त हाताला ओढ लागते. मला वाटायचं, मी चालत नाहीये, मला कुणीतरी नेतंय. त्या धुक्यात खरं काय आणि मनातलं काय, याचा फारसा हिशेब कुणी मागत नाही. मनातलं खरं म्हणून सांगायची खोड मला तिथंच लागली असेल का? — बघा, धुक्यावर ढकलायला निघाले.

हवालदाराकडं येते.

हवालदार हे कुत्र्याचं नाव. गावठी, तांबूस, रुंद छातीचं, आणि तोंडाभोवती पांढऱ्या राठ मिशा. प्रत्येक चौकात थांबायचा, चारी बाजूंना बघायचा, आणि मगच पुढं सोडायचा — मला, सायकलवाल्यांना, म्हशींनासुद्धा. अण्णांचा तो कुत्रा. अण्णा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले म्हातारे, सोनारीकडच्या गावचे. अर्धांगाच्या झटक्यानं एक पाय गेला, तेव्हापासून खाटेवर. त्यांचे धाकटे भाऊ बापू, तेही धाराशिवातच, दोन गल्ल्या सोडून. आणि दोघांत अबोला.

कशावरून? देवांवरून. त्यांच्या घरचे टाक, म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव. त्यात सोनारीचा भैरवनाथ मुख्य. म्हातारी आई शेवटची वर्षं बापूंकडं राहिली, देव तिच्याबरोबर तिकडं गेले, आणि ती गेल्यावर तिकडंच राहिले. अण्णा म्हणाले, देव थोरल्या घरी येतात. बापू म्हणाले, आई माझ्या घरी गेली. झालं. दोघंही शब्दाचे पक्के — आणि पक्क्या माणसांचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

पण त्यांच्या घरात एक चाल होती. दर रविवारी भैरवनाथाला मलिद्याचा नैवेद्य दाखवायचा — पोळी चुरून, गूळ-तूप घालून — आणि तो घरच्या कुत्र्याला घालायचा. कुत्रं देवाचं वाहन. त्यानं खाल्ल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. आता देव बापूंकडं आणि कुत्रं अण्णांकडं! अण्णाच सांगायचे, "देव त्याच्याकडं, देवाचं कुत्रं माझ्याकडं. वाटणी कशी बरोबर झाली बघा." मग रविवारी ते हवालदाराला बापूंच्या गल्लीच्या तोंडाशी सोडायचे आणि आडोशाला उभे राहायचे. कुत्रा जायचा, मलिदा खायचा, मिशा चाटत यायचा. अण्णा वाकून त्याच्या मिशांवरचं तूप बघायचे आणि घरी यायचे. वर्षानुवर्षं दोघा भावांत एवढंच बोलणं.

पाय गेल्यावर अण्णांनी ते काम माझ्याकडं दिलं. म्हणाले, "रोज न्हाय फिरवलं तरी चालंल, पण रविवार चुकवू नका."

रविवारी बाकीचे मालक आपापली कुत्री स्वतः फिरवतात. म्हणजे मी आणि हवालदार, दोघंच. काही महिने सुरळीत गेले. बापू ओट्यावर ताट ठेवायचे, दारात उभे राहायचे, माझ्याशीही फारसं बोलायचे नाहीत. कुत्रा खाताना मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे — सावकाश, एकाच जागी.

मग त्या गल्लीच्या तोंडाशी मटणाचं दुकान आलं. रविवारी तिथं गावभरची मोकाट कुत्री जमायची. एका रविवारी ती आमच्यावर आली. आणि कुठल्याही कुत्र्याला मान खाली घालायला लावणाऱ्या या बाईनं काय केलं? पट्टा टाकला, किंचाळली, आणि साडी गुडघ्यापर्यंत धरून कुणाच्या तरी उभ्या स्कूटरवर चढली. हवालदार एकटा उभा राहिला, मी आणि ती कुत्री यांच्या मधे. त्याचा कान फाटला. दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसली. एकजण म्हणाला, "मावशी, किक मारा की, चालू हाय गाडी!" त्या दिवशी बापूंचं दार आम्ही गाठलंच नाही.

अण्णांना सांगितलं, कान काटेरी तारेत अडकला, म्हणून अर्ध्यातूनच मागं फिरलो.

सांगितलं असतं — अण्णा, मला भ्या वाटतं, दुसरं कुणी बघा — तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण पांढऱ्या बुटांतली ती बाई! सगळ्या गावात फुशारकी मारून झालेली. पुढच्या रविवारी निघाले, लांबून त्या कुत्र्यांचा आवाज ऐकला आणि पाय वळले. हवालदार वळेना. चौकात खाली बसला, बापूंच्या गल्लीकडं तोंड करून. मी ओढला त्याला. फरफटतच म्हणा.

नदीकडच्या चिंचेखाली आम्ही वेळ काढला. त्याला बिस्किटं घातली. आणि मग आठवलं — अण्णा मिशा बघतात. त्या दिवशी म्हटलं, वाटेतच चाटून साफ केल्या त्यानं. त्यापुढच्या रविवारपासून मी घरून डबीत तूप न्यायला लागले. बोटावर घ्यायचं आणि कुत्र्याच्या मिशांना लावायचं. हवालदार मान फिरवायचा. त्याला तूप आवडायचं, तरी फिरवायचा.

अण्णा त्या मिशांवर बोट फिरवायचे, बोट नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. "आईच्या हातचा वास येतो," म्हणायचे. माझ्या घरच्या तुपाला! मग विचारायचे, "बापू काही बोलला?"

आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी बापूंच्या तोंडी बोलणं घालायला लागले. आधी थोडंच, मानेनं विचारलं त्यांनी, म्हटलं. मग म्हटलं, पाय कसा आहे विचारत होते. मग म्हटलं, आईची आठवण काढून डोळे पुसले. चिंचेखाली बसून, नदीवरचं धुकं बघत, मी आठवडाभराचा बापू रचायची. गोड लागायचं ते काम. माझा बापू दर रविवारी थोडा मऊ व्हायचा, थोडा जवळ यायचा. गल्लीच्या तोंडाशी आला, चौक ओलांडला, आता येणारच. अण्णा ऐकता ऐकता लहान मुलासारखे झोपी जायचे. मी त्यांच्या पांघरुणाचं टोक नीट करून, डबी पदराखाली धरून, पुण्य केल्यासारखी घरी यायची.

खरे बापू दर रविवारी ओट्यावर ताट ठेवून उभे राहत होते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मग अण्णांची तब्येत ढासळली. एके दिवशी सकाळी ते सुनेला म्हणाले, "बापूला बोलाव. येईल तो. दर रविवारी इचारतोय माझं." सून लगेच गेली. मी हवालदाराला फिरवून आणून ओसरीवर त्याचा पट्टा सोडत होते, तोवर ती परत आली, लाल होऊन.

"न्हाय येत म्हणतेत. म्हणतेत, अण्णांनी कुत्रं सुदिक बंद केलं माझ्या दारी. मलिदा ठिवतो, कावळे खातेत. जिथं कुत्र्याला जाऊ देत न्हाईत, तिथं म्या कुठल्या तोंडानं येऊ?" मग माझ्याकडं वळली. "मावशी, तुम्हीच सांगा. जातंय न्हवं कुत्रं?"

अण्णांनी उशीवरून मान वळवली. माझ्याकडं बघत होते. रागानं नाही हो — विश्वासानं.

इथवर आले. आता वळसा नाही.

मी म्हणाले, "व्हय. जातंय की. दर रविवारी."

एवढंच. अडखळलेसुद्धा नाही. उलट वर म्हटलं, "ताट चाटून पुसून खातंय." अजून काय पाहिजे होतं मला? कोण माझा पगार कापणार होतं? कुणी नाही. स्कूटरवर चढलेली बाई दिसू नये, एवढ्यासाठी.

अण्णांनी पांघरूण छातीशी ओढलं. मग म्हणाले, "आईच्या देवापुढं राहून खोटं बोलतोय." आणि भिंतीकडं तोंड केलं. "त्याला बोलवू नका आता. आन् कुत्रं बी धाडू नका."

खरं बोलायला त्यानंतरही दिवस होते. हवालदाराला न्यायला मी रोज त्या घरी जात होते. त्यांच्या खाटेपाशी उभी राहत होते. एकदा तर त्यांनी पाणी मागितलं आणि मीच पाजलं. ते भिंतीकडंच तोंड करून गेले. बापू आले ते थेट स्मशानात, लोकांच्या मागं उभे राहिले, आणि कुणाच्याही आधी निघून गेले.

पुढं काही दिवसांनी मी हवालदाराला घेऊन डोंगराच्या वाटेनं निघाले होते. धुकं दाट होतं. समोरून माणूस येतोय हे हवालदारालाच आधी कळलं. तो ओढ घेत पुढं झाला, आणि मग मला बापू दिसले. रस्त्यातच उकिडवे बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवून. फाटका कान त्यांनी दोन बोटांत धरला, बघितला, आणि सोडला. वर न बघता विचारलं, "मावशी, तुम्ही रोज असायच्या तिथं. अण्णा शेवटी माझ्याबद्दल काही बोलला का ओ?"

कुणीच नव्हतं आसपास. ना सून, ना गिऱ्हाइकं, ना ती मोकाट कुत्री. सांगायला याहून मोकळी जागा कुठली?

मी म्हणाले, "न्हाय. शुद्धच न्हवती त्यांना."

"म्हंजे रागात न्हाय गेला."

"न्हाय. रागात न्हाय."

ते उठले. चेहरा थोडा सैल झाला होता. मला हात जोडले, आणि धुक्यात गेले.

त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले, असं म्हणायची सोय आहे इथं. मी बऱ्याच रात्री ती वापरून बघितली आहे. पण तसं नव्हतं. ओठ उघडले तेव्हा बापूंचा विचार माझ्या मनात नव्हताच. मी तोवर माझ्याच अंगाभोवती पदर आवळून घेतला होता.

बापू अजून आहेत. आता काठी घेऊन चालतात. बाजारात भेटले की थांबतात, हातातली पिशवी खाली ठेवतात आणि विचारतात, "बऱ्या हाव ना मावशी?"

मी म्हणते, बरी आहे.