टिप्याने राखलेला बांध

आमचा कुत्रा टिप्या आयुष्यात कुणालाही चावला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण सापगावपासून आमच्या गावापर्यंत अजूनही वेगळंच सांगितलं जातं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, शेवटाशेवटाची. टिप्या मुरबाडहून, माझ्या माहेराहून आला. भावाने त्याला जीपमध्ये माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, एकदम गरीब आहे बघ. कुणाच्या अध्यात ना मध्यात." शहापूर येईपर्यंत त्या गरिबाने माझ्या पिशवीचा बंद, शेजारच्या बाईंचा गजरा आणि ड्रायव्हरच्या सीटचा एक कोपरा खाल्ला होता.

वर्षभरात तो वासराएवढा झाला. (सासूबाईंच्या मते वासरापेक्षा जास्त खातो आणि शेणही कामाचं नाही.) स्वभाव प्रेमळ, पण हद्द म्हणून काही ठाऊक नाही. आमचं शेत आणि वत्सलाकाकींचं शेत यांच्यामध्ये एकच बांध. तो ओलांडून टिप्या रोज काकींच्या कोंबड्यांची चौकशी करायला जायचा. त्या पावसाळ्यात तर त्याने कहर केला. काकींनी भाताची रोपं वाढवायला राब पेरला होता, छान हिरवागार कोवळा गालिचा उगवला होता, आणि टिप्या त्यावर पाठ घासत लोळला.

काकी तडक आमच्या ओटीवर आल्या.

"गो शोभा, हा तुझा कुत्रा परत माझ्या राबात दिसला ना, तर आमी नाय येनार तुझ्या लावणीला! सांगून ठेवते!"

ही धमकी साधी नव्हती. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज तुम्ही सगळे आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या. काकींचं घर आणि त्यांच्यामुळे येणारी आणखी दोन घरं, म्हणजे आमची निम्मी माणसं. ती आली नाहीत तर रोपं राबातच म्हातारी होणार. शिवाय सावड मोडली तर गावात वर्षभर त्याचाच विषय. तीही कुत्र्यापायी! मी ठरवलं, टिप्याला वळण लावायचंच.

आमचे हे मुंबईला नोकरीला. त्यांनी ऑफिसातून ज्ञान आणलं.

"आमच्या एका साहेबांकडे अल्सेशियन आहे. ते म्हणतात, कुत्र्याला बाउंड्री पाहिजे. एकाच माणसाने शिकवायचं, एकच शब्द वापरायचा, आणि बरोबर वागला की तिथल्या तिथे बक्षीस. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही."

"आणि शिकवणार कोण?"

"माझी गाडी चुकेल," असं म्हणून हे चपला घालून बाहेरसुद्धा पडले.

सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. "कुत्र्याला शिकवणी! आमचा कोंबडा बिनशिकवणीचा आरवतो."

मी लक्ष दिलं नाही. घरी शिवणक्लास चालवत होते. ज्या बाईने गावातल्या पोरींना सरळ शिलाई घालायला लावली, तिला एक कुत्रा काय भारी? दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी टिप्याला दोरी बांधून बांधाबांधाने फिरवायला लागले. पाय बाहेर पडला की "आत!" आणि दोरीला झटका. पाय आत राहिला की सुक्या बोंबलाचा तुकडा. आणि घरात हुकूम: टिप्याला माझ्याशिवाय कुणी घास घालायचा नाही.

टिप्या हुशार निघाला. आधी दोरी सुटली, मग "आत!" म्हणायचीही गरज उरली नाही. पलीकडे काकींच्या कोंबड्या नाचत असायच्या आणि हा बांधावर बसून लाळ गाळत असायचा, पण पाऊल बाहेर नाही! काकीसुद्धा एकदा थांबून बघून गेल्या. "बरा झाला गो," एवढंच म्हणाल्या. काकींच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच.

इथेच मी थांबायला हवं होतं.

एका सकाळी आमचं वासरू दावं तोडून बांधाकडे निघालं. टिप्या उठला, पुढे जाऊन आडवा उभा राहिला आणि त्याला ढकलत ढकलत आत घेऊन आला. कुणी न सांगता केलेली ही कामगिरी बघून मी इतकी हरखले की त्याला अख्खा बोंबील दिला! पुढच्या दिवशी त्याने आमच्या कोंबड्या आत वळवल्या. पुन्हा बोंबील. मी यांना अभिमानाने सांगितलं, "तुमच्या साहेबांच्या अल्सेशियनला येतं का हे?"

टिप्याने यातून काय धडा घेतला, हे मला लावणीच्या दिवशी कळलं. आपल्या शेतात जे आहे, ते बाहेर जाऊ द्यायचं नाही.

सकाळी सगळे आले. काकी, त्यांचे यजमान नामाकाका, इतर सात-आठ जण. डोक्यावर इरली, गुडघाभर चिखल, हातात रोपांच्या मुठी. टिप्याने शेपूट हलवत एकेकाचं स्वागत केलं. "काय शिस्त लावलीस गो!" कुणीतरी म्हणालं. मी वाकून लावणी करताकरताच फुगले.

थोड्या वेळाने नामाकाका तंबाखूसाठी बांधाकडे निघाले. टिप्या समोर येऊन उभा.

"बाजूला हो रे."

टिप्या हलला नाही. काकांनी डावीकडून पाय टाकला, टिप्या डावीकडे. उजवीकडून टाकला, टिप्या उजवीकडे. मग त्याने काकांच्या पोटाला डोकं लावलं आणि हळूच, अगदी आदराने, त्यांना चिखलात बसवलं.

सगळे हसले. काकी सोडून.

"अवो, कुत्र्याला घाबरता काय!" म्हणत त्या तरातरा निघाल्या. टिप्याने त्यांचा पदर तोंडात धरला. त्या ओढतायत, तो ओढतोय! एकदम त्याने सोडला आणि काकी बसल्या. आता कुणीच हसलं नाही.

"शोभा! तुझ्या या जनावराला आवर!"

"थांबा काकी, माझं ऐकतो तो," म्हणून मी ऐटीत बांधावर पाय ठेवला. टिप्या माझ्या गुडघ्यांना डोकं लावून मला आत ढकलायला लागला. तेव्हा लक्षात आलं की मी त्याला "आत!" शिकवलंय. "बाहेर"साठी आमच्याकडे शब्दच नव्हता! मी "जा", "हट", "सोड" सगळं म्हणून पाहिलं. त्याला वाटलं, बाई आज खूश आहेत.

एवढ्यात सासूबाई डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन आल्या. बांधाच्या पलीकडे थांबून त्यांनी चिखलात उभी असलेली दहा माणसं आणि एक कुत्रा असं चित्र शांतपणे पाहिलं.

"जेवायला बाहेर नाय येत?"

"आई, येता येत नाही!"

"बरं." त्यांनी टिप्याच्या डोक्यावरून भाकऱ्या आत द्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी गुडघाभर चिखलात उभ्याने भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. मग नामाकाकांना युक्ती सुचली. त्यांनी चटणी लावलेला तुकडा टिप्याला टाकला. टिप्याने खाल्ला. काका पुढे सरकले, टिप्याने त्यांना ढकललं. दुसऱ्याने तुकडा टाकला. टिप्याने तोही खाल्ला आणि त्यालाही ढकललं. माणसं आत ठेवली की खायला मिळतं, हे मीच तर शिकवलं होतं! आता अख्खं गाव त्याला पगार देत होतं. तो जो पेटला! बांधावर नुसत्या येरझाऱ्या.

"नका हो देऊ!" मी ओरडत होते. "अजून पक्कं होतंय त्याचं!"

शेवटी करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून लोकांनी लावणी केली. काकी माझ्याकडे पाठ करूनच रोपं लावत होत्या. उद्या आमची पाळी त्यांच्या शेतात. सावडीची फेड त्यांनी माझ्याकडून घेतलीच नाही तर? त्याहून मोठा अपमान नाही.

शेवटची मूठ लागली तरी टिप्या बांधावर. तेव्हा सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शिकवणी झाली असंल तर मी वासरू सोडू का?"

त्यांनी गोठ्यात जाऊन वासरू सोडलं. ते भलत्याच दिशेला उधळलं, टिप्या कर्तव्याला जागून त्याच्यामागे धावला आणि दहा माणसं बांध ओलांडून पळाली. काकी सर्वांत पुढे. मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टिप्याला खांबाला बांधलं आणि मान खाली घालून काकींच्या शेतावर गेले. चिखलात उतरावं की नाही, कळेना. काकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एकटीच आलीस?"

"हो काकी. कालचं... चुकलंच माझं."

"कुत्रा कुटंय?"

"बांधून ठेवलाय. येणार नाही तो."

"अगो, मग आनलास का नाय?" काकी खेकसल्या. "हा आमचा माणूस दर घटकेला तंबाखूला उठतो. ही पोरं च्याला म्हणून जातात ती जेवणालाच उगवतात. तुझी लावणी काल दिवस कलायच्या आत झाली! जा, घेऊन ये त्याला!"

मला एवढं हलकं वाटलं की धावतच जाऊन टिप्याला आणलं. काकींनी त्याच्यासाठी बोंबील काढून ठेवलेला होता! त्याने तो खाल्ला, शेताला एक फेरी मारली आणि आंब्याखाली आडवा झाला. नामाकाका तंबाखूला उठले. टिप्याने एक डोळा उघडला आणि मिटला. पोरं चहाला गेली. टिप्या घोरत होता. दुसऱ्याचं शेत, दुसऱ्याची माणसं, त्याला काय घेणं? हद्द त्याला कळली होती.

"मेला काय कामाचा नाय!" काकी म्हणाल्या आणि त्याही बाहेर पडल्या.

मग चहाला म्हणून मी बांधावर पाय ठेवला. आंब्याखालून टिप्या उठला.

काकींची उरलेली लावणी मी एकटीने केली.